सगळं फोडायची गरज आहे का? जुन्या स्वयंपाकघरातलं काय ठेवावं, काय बदलावं

पुण्यातल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमची इमारत १९९०च्या सुमाराची, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर ८ बाय १० फूट. पूर्वेला खिडकीखाली कडाप्प्याचा ओटा आहे, तो उत्तरेच्या भिंतीला एल आकारात वळतो, तिथं सिंक. ओट्याखाली कडाप्प्याचेच खण, त्यातल्या काहींत दहाबारा वर्षांपूर्वी बसवलेल्या स्टीलच्या ट्रॉल्या. समोरच्या भिंतीला सासूबाईंचं सागवानी जाळीचं कपाट आणि फ्रिज. घरात पाच माणसं, स्वयंपाक आम्ही दोघी करतो. दोघी एकदम उभ्या राहिलो की एकीला पोळपाट ठेवायलाही जागा उरत नाही. ठेकेदार म्हणतो, सगळं फोडू, सरळ ओटा करू, सिंक समोरच्या भिंतीला नेऊ आणि मॉड्युलर बसवू. सासूबाईंचा जीव कपाटात अडकलाय, मला तो काळा ओटा नकोसा झालाय. काय ठेवावं आणि काय काढावं?"

ताई, जुन्या घरांची स्वयंपाकघरं नव्यानं लावून देणं हेच माझं काम आहे, आणि तुमच्यासारखी परिस्थिती कोथरूडपासून सिंहगड रोडपर्यंत घरोघरी आहे. त्या काळातल्या इमारतींत स्वयंपाकघरं जवळपास एकाच साच्यातली: कडाप्प्याचा ओटा, वर आरसीसीचा माळा, बाहेर छोटी बाल्कनी. त्यामुळे तुमचं घर न बघताही बरंच सांगता येईल. जे बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, तेही ओघात सांगतो.

ठेकेदाराचं आधी. "सगळं फोडू" म्हणणारा माणूस तुम्हाला फसवतोच आहे असं समजू नका. मोकळ्या खोलीचं माप घेऊन कारखान्यातून खोकी मागवणं त्याला सोपं असतं. जुनं ठेवून काम करायचं तर प्रत्येक खणाचं माप वेगळं, एकही कोपरा गुण्यात (काटकोनात) नाही, सुताराला जागेवर बसून काम करावं लागतं. त्याचा वेळ त्यात जातो. पण त्याची सोय आणि तुमची गरज या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता तुमचा खरा प्रश्न. काय ठेवावं आणि काय काढावं हे तुम्ही शेवटी विचारलंय, पण अडचण त्याच्या आधीच्या वाक्यात आहे: पोळपाट ठेवायला जागा उरत नाही. पूर्वेची १० फुटांची भिंत आणि उत्तरेचा वळलेला भाग धरला तर तुमच्याकडे १२ फुटांच्या आसपास ओटा आहे. पाच माणसांच्या स्वयंपाकाला हा ओटा कमी नाही. तरी जागा उरत नाही, कारण ओट्यावर शेगडी आणि सिंक सोडून मिक्सर, ओव्हन, पाण्याचा फिल्टर, भांडी निथळायची टोपली आणि रोजच्या डब्यांची रांग बसलेली असणार. काम करायची जागा सामान ठेवण्यात गेली आहे. याच सवयीनं नवा ग्रॅनाइटचा ओटा केला तर सहा महिन्यांत त्यावरही हीच रांग लागेल. म्हणून मी कुठल्याही घरी गेलो की आधी ओट्यावरचं काय काय खाली उतरू शकतं ते बघतो आणि मगच फोडकामाचं बोलतो.

सिंक समोरच्या भिंतीला नेण्याचा बेत मात्र ताबडतोब सोडून द्या. सांडपाण्याच्या पाइपला साधारण ४० इंचांना १ इंच उतार लागतो. तुमची खोली ८ फूट रुंद, म्हणजे समोरच्या भिंतीपासून आत्ताच्या नाळीपर्यंत पाणी आणायला अडीच इंच उतार हवा, शिवाय पाइपची स्वतःची जाडी. न्हाणीघरासारखा खोलगट स्लॅब स्वयंपाकघराला सहसा नसतो. फरशीखालचा थर तीनचार इंचांचा. त्यात हा पाइप बसत नाही. मग एक तर अख्ख्या खोलीची फरशी उचलावी लागते आणि दारात पायरी येते, किंवा कोणीतरी "स्लॅबला जराशी खाच मारू" म्हणतो. स्लॅबला खाच मारायची नसते, मग ती जराशी का असेना. आणि उतार कमी पडला की भाताची पेज, चहाचा चोथा, तेलकट पाणी पाइपमध्ये साचत जातं, तुंबतं, आणि एक दिवस खालच्यांच्या छताला ओल दिसते. सिंक आहे त्याच कोपऱ्यात ठेवा. चारसहा इंच इकडेतिकडे सरकवायला हरकत नाही.

शेगडीही जागच्या जागी राहू द्या. पूर्वेकडे तोंड करून स्वयंपाक व्हावा असं सासूबाईंना वाटत असेल तर तेही आपोआप साधतं, शिवाय खिडकीच्या बाजूनं चिमणीचा पाइप कमीत कमी वळणं घेऊन बाहेर जातो. चिमणी लावणार असाल तर शेगडीपासून साधारण २६ ते ३० इंच उंचीवर लावा आणि पाइप ६ इंचीच ठेवा. दोनतीन वळणं घालून अरुंद पाइपनं काढलेली चिमणी आवाज फार करते आणि फोडणीचा धूर मात्र घरातच फिरतो. शेगडी आणि सिंक यांच्यामध्ये किमान दोन फूट सलग मोकळा ओटा राहिला पाहिजे. भाजी चिरणं, कणीक मळणं, पोळ्या लाटणं हे सगळं तिथं होतं. आज तिथं काय ठेवलंय ते बघा. बहुतेक मिक्सर असेल.

कडाप्प्याच्या ओट्याचं काय? तो रंग तुम्हाला नकोसा होणं मी समजू शकतो. कडाप्पा हा चुनखडीचा दगड, आंध्रातल्या कडप्पा भागातून येतो म्हणून हे नाव. चुनखडी असल्यामुळे लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडलं की त्यावर पांढुरके डाग उमटतात, तेल आत मुरतं आणि वर्षानुवर्षांच्या घासण्यानं चकाकी जाते. पण हा वरच्या पाव इंचाचा दोष आहे. खालचा दगड, भिंतीत रोवलेल्या उभ्या फरश्या, त्यांच्यावर तोललेलं वजन हे सगळं तीस वर्षं जागचं हललेलं नाही, म्हणजे तो सांगाडा भक्कम आहे. असा सांगाडा फोडायचा, दुसऱ्या मजल्यावरून राडारोडा उतरवायचा आणि त्या जागी प्लायवूडची खोकी ठेवायची, हे मला पटत नाही. ओट्याखालची पाण्याची जागा प्लायवूडला कधीच मानवत नाही, दगडाला तिचं काही वाटत नाही.

अर्थात तो खरंच भक्कम आहे की नाही हे तपासावं लागेल, आणि ते तुम्ही स्वतः करू शकता. ओटा पूर्ण रिकामा करा. लाकडी लाटण्याच्या टोकानं दर सहा इंचांवर हलकं वाजवत जा. भरीव जागी आवाज घट्ट येतो. पोकळ जागी तो भकास, खोल येतो, म्हणजे खालचा माल सुटलाय किंवा दगडाचे पापुद्रे वेगळे झालेत. मग खाली वाकून टॉर्चनं सिंकच्या कापलेल्या चौकटीचे चारही कोपरे बघा. ओटा तडकतो तो बहुतेकदा तिथून. केसासारखी रेघ दिसली तर तिच्यावर बोट फिरवा. बोटाला कड लागत असेल तर तेवढा तुकडा बदलायचा. बोटाला काहीच लागलं नाही तर तो दगडाच्या अंगचा पट्टा असू शकतो. तिसरी गोष्ट, उभ्या फरश्या भिंतीत जिथं शिरतात तिथल्या सांध्यातलं सिमेंट सुटलंय का ते बघा. सुटलं असेल तर भरून घेता येतं, त्याचा बाऊ करू नका. काही इमारतींत कडाप्प्याच्या खाली आरसीसीचा पातळ स्लॅब असतो. तसा असेल आणि खालून गज दिसून गंजले असतील, सिमेंट पडत असेल, तर माझं मत बदलेल. मग तेवढा भाग काढावाच लागेल.

ओटा पास झाला तर त्याच्यावर ग्रॅनाइट बसवून घ्या. आधी जुन्या कडाप्प्याला छिन्नीनं टाकी मारून तो खडबडीत करायचा, तेलकटपणा सोड्यानं धुऊन पूर्ण वाळू द्यायचा आणि मग टाइल्सच्या चिकट मसाल्यावर १८ मिमी ग्रॅनाइट बसवायचा. नुसत्या सिमेंटच्या घोळावर बसवू देऊ नका, तेल प्यायलेल्या दगडाला सिमेंट धरत नाही. वजनाची धास्ती वाटते तुमच्यासारख्या बऱ्याच जणींना. १० फूट लांब, २ फूट रुंद, १८ मिमी जाडीचा ग्रॅनाइट साधारण ९० किलो भरतो, आणि तो दहा फुटांवर विभागलेला असतो. धडधाकट ओटा ते सहज पेलतो. रंग निवडताना अगदी पांढरट ग्रॅनाइट टाळा, हळदीचा डाग त्याच्यावर लपत नाही. गडद हिरवट किंवा करड्या ठिपक्यांचा घेतलात तर काळेपणाही जाईल आणि रोजच्या वापरात तुमचा जीवही खालीवर होणार नाही.

यात एक फायदा आहे, तो उंचीचा. त्या काळात ओटे बहुधा ३० इंचांचे करायचे. तुमच्या दोघींच्या उंच्या मला माहीत नाहीत, म्हणून हिशेब सांगतो: सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवायचं, कोपरापासून जमिनीपर्यंत माप घ्यायचं आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करायचे. चिरायच्या-लाटायच्या ओट्याची ती उंची. पाच फूट पाच इंचांच्या बाईला हे साधारण ३५ इंचांच्या आसपास येतं, पाच फुटांच्या बाईला ३२-३३. ग्रॅनाइट आणि मसाला मिळून ओटा एक ते सव्वा इंच वर येतो. गवंड्याला खाली थोडा जास्त थर द्यायला सांगितलं तर ३२ पर्यंत नेता येईल. दोघींच्या उंचीत फार फरक असेल तर जी ठेंगणी असेल तिचं माप धरून ठेवा, कारण उंच माणसाला जाड पाटावर चिरता येतं, ठेंगण्या माणसाला रोज पायाखाली पाट घेणं धोक्याचं. शेगडीपाशी उंची आणखी वाढवू नका. शेगडी स्वतःच चारपाच इंच उंच असते, वर कुकर चढला की झाकण लावायला खांदे वर जातात. सिंकचा तळ याउलट ओट्यापेक्षा आठेक इंच खाली असतो, म्हणून भांडी घासताना कंबर दुखते. ग्रॅनाइट चढवताना सिंकची कड दगडाखाली न घेता वर घेतली तर थोडी उंची तिथंही मिळते.

सिंक नवं घेणार असाल तर आधी भांडी कोण घासतं याचा विचार करा. मावशी येत असतील आणि मोठी पातेली, कढया बाल्कनीतल्या मोरीवर घासत असतील, तर आतलं सिंक मध्यम चालेल आणि ती मोरी अजिबात बुजवू नका. बाल्कनी आत घेऊन मोरी घालवलेली कितीतरी घरं मी बघितली आहेत, आणि सणाला वीस माणसं जेवली की त्या घरांत कुकरची भांडी बाथरूममध्ये जातात.

आता ओट्याखालचे खण. ट्रॉल्या दहाबारा वर्षांच्या आहेत म्हणता. त्यांत दोन भाग असतात: जाळीची टोपली आणि तिला सरकवणारं चॅनल. चॅनल झिजतं, टोपली सहसा झिजत नाही. प्रत्येक टोपली बाहेर काढून उलटी करा आणि जिथं तार तारेला जोडली आहे ते सांधे बघा. तांबूस पावडर दिसली किंवा चकाकीचा पापुद्रा सुटत असेल तर ती टाका. सांधे स्वच्छ असतील तर नवी बॉलबेअरिंगची चॅनलं लावून तीच टोपली आणखी बरीच वर्षं चालेल. यात खर्च वाचतो तो खरोखरचा, कारण ट्रॉल्यांच्या कामात टोपल्यांनाच मोठा पैसा लागतो.

एक काळजी घ्यायची. चॅनलसाठी कडाप्प्यात थेट भोकं पाडू देऊ नका. दगड थरांचा असल्यामुळे भोकाच्या कडेनं पापुद्रा सुटतो आणि भरलेली ट्रॉली ओढताना स्क्रू उपटून येतो. खणाच्या दोन्ही बाजूंना पाण्याला टिकणाऱ्या प्लायची उभी पाटी उभारा, तळाशी अर्धा इंच मोकळं सोडून, म्हणजे फरशी धुताना प्लाय भिजत नाही, आणि चॅनल त्या पाटीला लावा. प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असतो तो स्वतः बघून घ्या. ओट्याखाली कोणी आयएस ३०३ची साधी प्लाय स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका. तो दिवाणखान्याचा माल आहे.

माप घेणाऱ्याकडे लक्ष ठेवा. हातानं रोवलेल्या उभ्या फरश्या कधीच तंतोतंत ओळंब्यात नसतात. एकाच खणाची रुंदी वर १८ इंच, खाली साडेसतरा आणि मागच्या बाजूला त्याहून कमी असू शकते. पुढे, मागे, वर, खाली अशी चार मापं घ्यायला लावा आणि ट्रॉली सर्वांत लहान मापाची करायला सांगा. आणि हे माप फरशी नि टाइल्सचं काम संपल्यावरच. आधी मापं देऊन टाकली आणि मग भिंतीला टाइल चढली, तर टाइल आणि मसाला मिळून अर्धा इंच जातो आणि नव्या ट्रॉल्या खणात शिरत नाहीत.

खणांमधली मधली आडवी फरशी काही ठिकाणी काढावी लागेल, नाहीतर उंच ट्रॉली बसत नाही. ती काढण्याआधी गवंड्याला विचारा की उभ्या फरश्यांना ती आधार देते आहे का. लांब ओट्यात दोन खण सोडून एक आडवी फरशी ठेवावी असं माझं मत. तो खण साठवणीच्या डब्यांना द्या. गहू-तांदळाच्या कोठ्या, पंधरा किलोचे डबे ट्रॉलीत टाकायचेच नसतात, ते दगडावरच बसले पाहिजेत. निघालेली आडवी फरशी भंगारात देऊ नका, तिचं काम पुढे आहे.

आता सासूबाईंचं कपाट. जुन्या सागवानाबद्दल मला मनापासून वाटतं की ते टाकणं म्हणजे आज बाजारात पैसे देऊनही सहज न मिळणारी वस्तू टाकणं. पण आधी तपासा. कपाटाच्या पायांशी, भिंतीकडच्या अंगाला, पेचकसचं टोक दाबून बघा. सागवानाचा आतला तपकिरी गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही. कडेचा फिकट पांढरा भाग मात्र ती खाते, आणि मागच्या फळ्या बऱ्याचदा दुसऱ्याच लाकडाच्या असतात. पेचकस आत रुतला तर तेवढा पाय खालून कापून नवा तुकडा जोडता येतो. टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं आणि खाली बारीक पीठ दिसलं तर तो किडा आहे. घरात पुन्हा बसवण्याआधी त्यावर औषधाचा उपाय करून घ्या.

हे कपाट उघडताना सुताराजवळ तुम्ही स्वतः उभ्या राहा. त्या काळची चांगली कपाटं खाचेत बसवलेल्या सांध्यांची आणि लाकडी खुंट्यांची असतात. घाईत हातोडी मारली की सांध्याची जीभ तुटते आणि मग लोखंडी पट्ट्या मारून ते जोडावं लागतं. आमचा सुतार प्रत्येक तुकड्यावर खडूनं नंबर टाकतो आणि त्याच क्रमानं भिंतीला लावून ठेवतो. रंधा मारण्याआधी जुने मोडके खिळे एकूणएक काढायचे, नाहीतर रंध्याचं पातं जातं आणि तुमच्या लाकडावर चर पडतो. वरचा काळा थर निघाला की आतून जो मधासारखा रंग येतो तो बघून सासूबाईच काय, तुम्हीही ते कपाट हलवू देणार नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटाला नुसतं फ्रेंच पॉलिश करू नका, वाफ आणि ओल्या हातांनी ते लवकर जातं. मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश करून घ्या.

कपाट अखंड ठेवावं की त्याची दारं काढून दुसरीकडे वापरावी, हे त्याच्या मापावर आहे. खोली ८ फुटांची, ओटा २ फुटांचा. कपाट दीड फूट खोल असेल तर मध्ये साडेचार फूट उरतात, दोघी पाठीला पाठ लावून काम करू शकता. मग ते अखंड ठेवा. ते दोन फुटांहून खोल असेल तर फ्रिजशेजारी फार पुढे येईल. अशा वेळी मी कपाटाची मांडणी थोडी उथळ करून घेतो. जाळीमुळे हवा खेळते, म्हणून कांदे-बटाटे, लसूण, फळं, विरजण, तूप हे सगळं तिथं उत्तम राहतं. फ्रिजवरचा भारही कमी होतो.

दारं काढायचीच वेळ आली तर एक जाळीचं दार गॅस सिलिंडरच्या खणाला लावा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली बसतो, आणि बंद शटरच्या आत साचतो. मॉड्युलरवाले बऱ्याचदा सिलिंडरला सुंदर बंद खोकं करून देतात, ते मला अजिबात पसंत नाही. जाळी तळापर्यंत असली की वास लगेच बाहेर येतो. सिलिंडर उभाच ठेवायचा, शेगडी त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवर हवी, आणि नळी दीड मीटरपेक्षा लांब नको. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, तिच्यावर तारीख छापलेली असते ती आजच बघून घ्या. पाइपचा गॅस आला असेल तर पाइप आणि मीटर हलवायला गॅस कंपनीचाच माणूस बोलवा, आपल्या प्लंबरला हात लावू देऊ नका. तो गॅस हवेपेक्षा हलका असतो, म्हणून त्याला वरच्या अंगाला हवेची वाट लागते. खिडकी पूर्ण बंद करून एसी लावायचा विचार कोणी सुचवला तर हे लक्षात ठेवा.

ओट्यावरून उतरवलेलं सामान कुठं जाणार, ते आता सांगतो. समोरच्या भिंतीला कपाट आणि फ्रिज मिळून साडेपाच-सहा फूट घेतील. उरलेल्या जागेत ओट्याखालून निघालेली कडाप्प्याची आडवी फरशी दोन उभ्या आधारांवर ३० इंच उंचीवर बसवा. मिक्सर, ओव्हन आणि हवं तर इंडक्शन तिथं जाईल. मिक्सर कडाप्प्यावर थरथरत नाही आणि ओटा थेट दोन-अडीच फुटांनी मोकळा होतो. तुमच्या प्रश्नाचं अर्धंअधिक उत्तर खरं तर या एका फरशीत आहे. एकीनं पूर्वेला पोळ्या कराव्यात, दुसरीनं समोर वाटण करावं, मध्ये कोणी कोणाच्या वाटेत येत नाही.

इथवर जुनं जपण्याचं बोललो. काही गोष्टींत मात्र मी जुनं काहीच ठेवत नाही: नळाचे पाइप, सांडपाण्याचा पाइप, वायरिंग आणि सिंकच्या कोपऱ्यातलं वॉटरप्रूफिंग. तुमच्या इमारतीच्या काळात लोखंडी जीआय पाइप असायचे. ते आतून गंजत गंजत अरुंद होतात, नळाची धार बारीक होण्याचं हे नेहमीचं कारण. वर ग्रॅनाइट बसला की मग पाइप बदलायला तोच ग्रॅनाइट फोडावा लागेल, म्हणून आत्ताच सीपीव्हीसीचे (न गंजणारे प्लास्टिकचे) पाइप टाका. सिंकखालच्या कोपऱ्यात वॉटरप्रूफिंग केल्यावर किमान २४ तास पाणी कोंडून ठेवा आणि खालच्या मजल्यावरच्यांना छत बघायला सांगा. ओव्हन, इंडक्शन आणि मिक्सरच्या जागी १६ अँपिअरचे वेगवेगळे पॉइंट, त्यांना ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, फ्रिजला स्वतःचा पॉइंट, आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज लगेच तोडणारं स्विच. ओल्या हातांनी काम होणाऱ्या खोलीत यात काटकसर नको. बजेट कमी पडलं तर शटरचा लॅमिनेट स्वस्तातला घ्या, वायर नको.

कोणतीही भिंत पाडायचा किंवा माळा तोडायचा विषय निघाला तर इमारत कॉलम-बीमची आहे की भिंतींवर उभी आहे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कळल्याशिवाय हातोडा लागू देऊ नका. सोसायटीचं पत्रही घ्यावं लागेल. माळा राहू द्या असंच मी म्हणेन. पितळी पातेली, पुरणयंत्र, साच्यांचा डबा आणि वाळवणाचे पाट त्याच्याशिवाय कुठं ठेवणार?

पैशांचं स्पष्ट बोलतो. जुनं ठेवलं की सगळीकडे पैसे वाचतात असं नाही. ओटा आणि टोपल्या ठेवल्यानं चांगले वाचतील. कपाटाला मात्र चांगल्या सुताराची आठवड्याभराची मजुरी आणि पॉलिश लागेल, तेवढ्यात साधं नवं प्लायचं कपाट येऊ शकतं. तरी मी सागवानच ठेवीन, कारण ते प्लायपेक्षा चांगलं आहे आणि टिकणार आहे. पण पैसे वाचतील म्हणून ठेवत असाल तर ती अपेक्षा आधीच सोडा. भाड्याचं घर असतं तर वेगळं सांगितलं असतं, तुमचं स्वतःचं आहे असं धरून चाललोय.

ठेकेदार हाच ठेवा किंवा दुसरा घ्या, कामाआधी कागदावर दोन गोष्टी लिहून घ्या. पहिली, कोणती वस्तू राहणार, फोटोसकट. फोडकामाच्या दिवशी मालक घरी नसतो, बिगारी नवा असतो, आणि ठेवायचा कडाप्पा राडारोड्यात जातो. दुसरी, निघालेला माल कोणाचा. पितळी नळ, सागवानी चौकटी, जुनं स्टील याला भाव येतो, आणि कागदावर काही नसेल तर तो माल आपोआप ठेकेदाराचा धरला जातो.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी प्लंबिंग आणि वायरिंग, मग वॉटरप्रूफिंग, मग भिंतीच्या टाइल्स, मग ग्रॅनाइट, मग ट्रॉल्यांची मापं, आणि कपाट शेवटी. कपाटाचं काम बाल्कनीत किंवा सुताराच्या जागेवर आधीपासून चालू राहू शकतं. जुन्या टाइल्स पोकळ वाजत नसतील तर त्यांच्यावरच नव्या बसवा, फोडण्याची धूळ आणि खर्च दोन्ही टळतील. फक्त खिडकीच्या चौकटीपाशी आणि स्विचबोर्डांपाशी जाडी वाढते, ती वायरमनला आधी सांगा. पाणी बंद राहील ते दिवस मोजकेच असतात. तेवढ्यापुरती शेगडी हॉलमधल्या खिडकीशी, पक्क्या आणि सपाट टेबलावर मांडा, सिलिंडर टेबलाशेजारी जमिनीवर उभा ठेवा आणि भांडी बाल्कनीतल्या मोरीवर घासा. ती मोरी तेव्हाही उपयोगी पडते.

ओटा रिकामा करून वाजवून बघितलात की सिंकच्या चार कोपऱ्यांचे खालून काढलेले फोटो, कपाटाची लांबी-रुंदी-खोली आणि तुमच्या दोघींच्या कोपरांची उंची कळवा. सिंकखालच्या खणात फिल्टर बसेल की तो भिंतीवर घ्यावा लागेल, हे त्यावरून नेमकं सांगता येईल.